स्वस्त घ्या, पण भरून पाहून घ्या



कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या पाटणच्या बाजारपेठेतून आज एक फेरी मारली, तर संगणक नाही असे दुकान क्वचितच दिसेल. किराणा दुकानात तो बिलासाठी आहे, फोटो स्टुडिओत लग्नाच्या अल्बमसाठी आहे, फ्लेक्स छापणाऱ्याकडे डिझाइनसाठी, तर भरतकामाचे यंत्र चालविणाऱ्याकडे नक्षीसाठी आहे. लाल कापडी बांधणीच्या खतावण्या माळ्यावर गेल्या आणि त्यांची जागा तळहातावर मावेल अशा एका पट्टीने घेतली. या पट्टीला बाजारात एसएसडी म्हणतात. दुकानातला सारा हिशेब, गिऱ्हाइकांची उधारी, जीएसटीची कागदपत्रे, लोकांच्या लग्नाचे फोटो हे सर्व त्या पट्टीत राहते.

असे असताना ही पट्टी विकत घेताना आपण जेवढी बेफिकिरी दाखवितो, तेवढी भाजी घेतानाही दाखवीत नाही. वांगे आपण उलटून पाहतो, कलिंगड वाजवून पाहतो, कापडाचा धागा उसवून पाहतो. पण सात-आठ वर्षांचा व्यवसाय ज्यात ठेवायचा ती वस्तू मात्र वेष्टनावरचा आकडा आणि किंमत एवढेच पाहून घेतो. नकली माल विकणाऱ्यांचे सारे भांडवल आपल्या याच सवयीत आहे.

आम्ही कसे फसलो

उपदेश करण्यापूर्वी आमची स्वतःची चूक सांगणे आम्हाला योग्य वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या छपाईच्या दुकानातील संगणक भरत आला होता. त्याच सुमारास इंटरनेटवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. दोन टीबीची खिशात मावणारी एसएसडी, किंमत फक्त १,४९९ रुपये. नामांकित कंपनीची तेवढीच वस्तू त्या वेळी कितीतरी पटींनी महाग होती, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही "आपल्याला कुठे चोवीस तास वापरायची आहे" असे म्हणून आम्ही ती मागविली.

पट्टी आली. संगणकाला जोडली, तेव्हा पडद्यावर बरोबर दोन टीबी जागा दिसली. आम्ही सुमारे ४०० जीबी माल तिच्यात भरला. सर्व फाइलींची नावे नीट दिसत होती. मग जागा मोकळी करावी म्हणून संगणकातील मूळ प्रती पुसून टाकल्या. चौथ्या महिन्यात एक गिऱ्हाईक आपल्या मुलीच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढून मागण्यास आले. फाइलीचे नाव होते, तारीख होती, आकारही होता. पण उघडली की काहीच दिसेना. एकामागून एक फाइल उघडत गेलो. बहुतेक साऱ्या पोकळ निघाल्या.

कराडला नेऊन ती पट्टी उघडून घेतली. आत गोंदाने चिकटविलेले, नखाएवढे, ६४ जीबीचे मोबाइलचे मेमरी कार्ड होते. माल परत करण्याची सात दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती. तो विक्रेता त्या नावाने नंतर सापडलाच नाही.

पंधराशे रुपये गेले याचे दुःख आम्हाला नाही. त्या लग्नातल्या फोटोंत मुलीचे आजोबा होते आणि आम्ही हे सारे शोधत बसलो तोवर ते अल्लाहला प्यारे झाले होते. त्या घरात त्यांचा दुसरा चांगला फोटो नव्हता. ते फोटो आमचे नव्हते, आमच्याकडे ठेवायला दिलेली ती अमानत होती. स्वस्ताईच्या मोहाने आम्ही दुसऱ्याची अमानत बुडविली, हे सांगताना आजही मान खाली जाते. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

खोटे माप भरते कसे

एसएसडीमध्ये जुन्या हार्ड डिस्कसारखी फिरणारी तबकडी नसते. तिच्यात माहिती साठविणाऱ्या मेमरी चिप्स असतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक नियंत्रक चिप असते. कुठली माहिती कुठे ठेवली याची नोंद हा नियंत्रक ठेवतो. तुझ्यात जागा किती, असे संगणक विचारतो तेव्हा उत्तरही तोच देतो. संगणक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. स्वतः मोजून पाहत नाही.

नकली माल बनविणारा नेमके एवढेच करतो. चिप ६४ जीबीची घालतो आणि नियंत्रकाला "दोन टीबी सांग" असे शिकवून ठेवतो. खरी जागा संपेपर्यंत सारे सुरळीत चालते. ती संपली, की पुढची माहिती जुन्या माहितीवर लिहिली जाते किंवा सरळ फेकून दिली जाते. फाइलींची यादी मात्र सुरुवातीच्या भागात शाबूत राहते. त्यामुळे नावे दिसतात आणि फसविले गेल्याचे महिनोन्‌महिने कळत नाही. धान्याच्या मापात तळाला कापड कोंबून वरून चापून भरावे, तसलाच हा प्रकार आहे.

हा प्रकार फक्त आपल्याकडे चालतो असेही नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका संशोधकाने चिनी संकेतस्थळावरून ३० टीबीची म्हणून विकली जाणारी पट्टी मागवून उघडली. आत प्रत्येकी ५१२ एमबीची दोन मेमरी कार्डे निघाली. तीस हजार जीबी सांगून हातात एक जीबी ठेवलेला होता.

दुसरा प्रकार अधिक बेमालूम असतो. २०२३ मध्ये चीनमध्ये सॅमसंगच्या ९८० प्रो या एसएसडीच्या हुबेहूब प्रती आढळल्या. वेष्टन तसेच, स्टिकर तसेच. आतला नियंत्रक मात्र दुसऱ्याच कंपनीचा, कमी प्रतीचा. सॅमसंग स्वतःच्या एसएसडीसाठी मॅजिशियन नावाचा प्रोग्राम फुकट देते. त्या प्रोग्रामने ही पट्टी आपली म्हणून ओळखलीच नाही आणि चोरी उघड झाली.

स्वस्त म्हणजे नकली नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. नकलीच्या भीतीने महागातली महाग एसएसडी घ्यावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. लहान व्यावसायिकाला तशी गरजही नसते.

१९९१ मध्ये सॅनडिस्क कंपनीने आयबीएमला दिलेली एसएसडी फक्त २० एमबीची होती आणि तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. आजच्या मोबाइलमधला एखाददुसरा फोटोच तेवढा असतो. तेथून ही वस्तू पाटणच्या दुकानदाराच्या आवाक्यात आली, ही तंत्रज्ञानाची मोठी देणगी आहे. जुना, रखडत चालणारा संगणक टाकून देण्याऐवजी त्यात साधी एसएसडी बसविली, तर तो आणखी काही वर्षे झटपट काम करतो. दुकानदाराचा हा खरा फायदा आहे आणि तो प्रत्येकाने करून घ्यावा.

मेमरी चिप्स मोठ्या प्रमाणावर बनविणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. बाजारातील बाकीची बहुतेक नावे यांच्याकडून चिप्स घेऊन आपले लेबल लावतात. म्हणून कमी प्रसिद्ध नावाची वस्तू म्हणजे खोटीच, असे म्हणता येत नाही. स्वस्त माल साध्या चिपचा असेल, वेगाने थोडा कमी असेल, पण सांगितलेले माप तो पुरे देतो. नकली मालात माप खोटे असते किंवा नाव खोटे असते. पहिला घेण्यात काही चूक नाही आणि दुसऱ्याला हातही लावू नये.

गरज किती हे ठरविण्यास एक हिशेब उपयोगी पडेल. एसएसडीच्या माहितीपत्रकात टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. किती टीबी माहिती लिहिली जाईपर्यंत कंपनी हमी देते, ते त्यावरून कळते. क्रूशियल कंपनीच्या बीएक्स ५०० या साध्या मालिकेतील एक टीबीच्या पट्टीला हा आकडा ३६० होता. रोज ३० जीबी लिहिले, तरी तेवढे पुरे व्हायला १२ हजार दिवस, म्हणजे जवळजवळ ३३ वर्षे लागतील. अर्थात हमीची वर्षे त्याआधीच संपतात. किराणा किंवा कापड दुकानात रोज एवढे लिहिलेही जात नाही. तेव्हा केवळ हिशेबासाठी २५६ जीबीची साधी पट्टी पुष्कळ झाली. स्टुडिओवाल्याने ५१२ जीबी किंवा एक टीबी घ्यावी आणि जुने काम वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावे.

मात्र सध्याचा काळ सावध राहण्याचा आहे. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक केंद्रांनी मेमरी चिप्सची मागणी वाढविली आणि भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने चालणारा आपला किरकोळ व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर केले. खरा माल महागला आणि ओळखीचे नाव बाजारातून जाऊ लागले, की नकली मालाचे फावते. "जुना शिल्लक साठा आहे, म्हणून जुन्या भावात" असे कोणी म्हणू लागला, तर दोनदा विचार करावा.

जुन्याला नवे म्हणणे

नकलीचा एक चुलत भाऊ आहे. वापरून झालेला माल पुसून-पासून नवा म्हणून विकणे. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेट कंपनीच्या हजारो तास चाललेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. वापराच्या तासांची नेहमीची नोंद शून्यावर आणून ठेवली होती. आतल्या दुसऱ्या एका नोंदवहीने भांडे फोडले. त्याच वर्षी मे महिन्यात मलेशियात क्वालालंपूरजवळच्या एका गोदामावर छापा पडला आणि अशा सुमारे ७०० डिस्क सापडल्या.

आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयापुढे आला. परदेशात मोडीत निघालेल्या हार्ड डिस्क आयात करून, मूळ खुणा काढून, दुसऱ्या नावाने विकणाऱ्यांविरुद्ध सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. मे २०२४ मध्ये निकाल लागला. तो आपल्या प्रत्येक दुकानदाराने समजून घ्यावा असा आहे. दुरुस्त केलेला जुना माल विकण्यास न्यायालयाने सरसकट बंदी केली नाही. मात्र अटी घातल्या. मूळ उत्पादक कोण होता ते वेष्टनावर सांगावे. माल वापरलेला व दुरुस्त केलेला आहे असे लिहावे. मूळ कंपनीची हमी वा सेवा त्यावर नाही हेही स्पष्ट लिहावे. जाहिरातीत आणि इंटरनेटवरील विक्रीतही हेच पाळावे.

आमच्या मते हा निकाल गरीब गिऱ्हाइकाच्या आणि प्रामाणिक विक्रेत्याच्या, दोघांच्याही हिताचा आहे. जुना माल विकण्यात पाप नाही. तो जुना आहे हे लपविण्यात पाप आहे.

घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट भाव. घेण्यापूर्वी त्याच मापाच्या दोन-तीन नामांकित वस्तूंचा त्या दिवसाचा भाव काढावा. समोरचा माल त्यांच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर हे कसे परवडते असे स्वतःला विचारावे. चिप्स बनविणारेच मोजके असल्याने निम्म्या किमतीत खरे माप देणे कुणालाच जमत नाही.

दुसरी गोष्ट पावती. "बिल नको असेल तर कमी करून देतो" हे वाक्य आपल्याला फार गोड लागते. संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तीन हजारांच्या वस्तूवर ५४० रुपये. पण ज्याची नियमित जीएसटी नोंदणी आहे त्याला व्यवसायासाठी केलेल्या अशा खरेदीवरचा कर पुढे वजा करून मिळतो. त्याने बिल नाकारले, तर ती बचत नव्हेच. आणि ज्याची नोंदणी नाही, त्याच्यासाठी ते ५४० रुपये म्हणजे फसवणुकीविरुद्धचा विमा आहे. बिलावर वस्तूचे नाव, माप आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. अनुक्रमांक लिहिण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊ नये.

तिसरी गोष्ट अनुक्रमांकाची पडताळणी. बहुतेक नामांकित कंपन्यांच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घातला, की हमी कधीपर्यंत आहे ते दिसते. दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, मोबाइलवर हे पाहावे. वेष्टनावरचा आणि पट्टीवरचा क्रमांक एकच आहे ना, हेही पाहावे.

चौथी गोष्ट अशक्य आकडे. साटा पद्धतीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जाऊच शकत नाही. तिच्यावर तीन हजारांचा वेग छापलेला असेल, तर तो छापणारा खोटा आहे. उलट, एक टीबीची पट्टी संगणकात ९३१ जीबी दाखविते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १,०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. याच कारणाने २५६ जीबीची पट्टी २३८ दाखविते. यावरून विक्रेत्याशी भांडू नये.

पाचवी गोष्ट जोडणी. जुन्या संगणकाला बहुधा अडीच इंची साटा पट्टी लागते. नव्याला एम.२ नावाची लहान पट्टी बसते, पण तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. आपल्या यंत्राला कुठला चालतो ते आधी विचारून घ्यावे. चुकीची वस्तू आणून ती परत करण्याच्या खटपटीत पडू नये.

वाजवून पाहणे

मिरजेच्या सतारमेकर घराण्यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. शस्त्रांना धार लावणारे हे शिकलगार. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, ते तंतुवाद्यांकडे वळले आणि मिरजेचे नाव देशभर झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडच्या मालावर मिरजेचे नाव कोणी चिकटवू नये, हाच त्यामागचा हेतू आहे. त्या कारागिरांनी दिलेला धडा साधा आहे. भोपळा विकणारा काय म्हणतो यावर ते जात नाहीत. भोपळा हातात घेऊन, त्याची जाडी नि आकार स्वतः पारखून घेतात.

एसएसडीचा भोपळाही असाच पारखता येतो आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्ससाठी एफ३ हे प्रोग्राम फुकट मिळतात. ते रिकामी पट्टी चाचणीच्या माहितीने काठोकाठ भरतात आणि मग भरलेले जसेच्या तसे परत वाचता येते का ते तपासतात. माप खोटे असेल, तर येथे ते हमखास पकडले जाते. संगणक दाखवितो त्या आकड्यावर विसंबणे आणि अशी पट्टी भरून पाहणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चाचणीला लागणारा वेळही बरेच काही सांगून जातो. चांगली साटा एसएसडी सेकंदाला ४०० एमबी लिहीत असेल, तर एक टीबी भरण्यास पाऊण तासाच्या आत वेळ लागतो. नकली खिशातली पट्टी आतून जुन्या यूएसबी पद्धतीची असते आणि सेकंदाला ३० एमबीच्या आसपास रखडते. तिला एक टीबी भरायला नऊ तासांवर लागतील. १६ टीबीची म्हणविणारी पट्टी भरायला तर सहा दिवस जातील. परत करण्याची मुदत सात दिवसांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे फसविणाऱ्याचे गणित ध्यानात येते. कोणी तपासणार नाही आणि तपासायला बसलाच तर मुदत संपेल, यावर तो निर्धास्त असतो. म्हणून चाचणी माल आल्याच दिवशी सुरू करावी.

दुसरा फुकट प्रोग्राम क्रिस्टलडिस्कइन्फो. तो वापराचे तास, किती वेळा चालू केली आणि एकूण किती लिहिले गेले हे दाखवितो. नव्या पट्टीत हे आकडे शून्याच्या आसपास असावेत. ही नोंद पुसता येते, हे जर्मनीच्या उदाहरणावरून दिसलेच. पण आपल्या बाजारातील पुष्कळसे लबाड तेवढेही कष्ट घेत नाहीत.

चाचणी पार पडेपर्यंत कामाची एकही फाइल त्या पट्टीत ठेवू नये. आणि पार पडल्यानंतरही मूळ प्रत पुसू नये. आम्ही केलेली सर्वांत मोठी चूक नकली माल घेणे ही नव्हती. एकुलती एक प्रत त्याच्यावर सोपविणे, ही होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीची बाजारपेठ महापुरात बुडाली. जुलै २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. खरी, महागडी एसएसडीही पाण्यापुढे आणि मातीपुढे टिकत नाही. म्हणून स्वस्त पण खरी पट्टी घेऊन जे पैसे वाचतील, त्यांतून दुसरी प्रत करावी आणि ती दुकानात न ठेवता घरी ठेवावी. ही दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर असलेली बरी. झिजत आलेली एसएसडी विजेशिवाय कपाटात पडून राहिली, तर वर्षभरानंतर तिच्यातील माहितीची खात्री देता येत नाही.

फसलात तर

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ याबाबत आपल्या बाजूचा आहे. खऱ्याच्या नावावर खपविलेला खोटा माल या कायद्याने ओळखला आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. व्यापारी कामासाठी वस्तू घेणाऱ्याला हा कायदा सहसा ग्राहक मानत नाही. मात्र जो स्वतः राबून, केवळ उदरनिर्वाहासाठी वस्तू वापरतो, त्याला तो ग्राहक मानतो. एकट्याने स्टुडिओ किंवा शिवणयंत्र चालविणाऱ्या आमच्या कारागिराने "मी धंदेवाईक, मला कोण विचारणार" असे म्हणून गप्प बसू नये.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. विक्रेता दिल्लीचा असला, तरी पाटणच्या माणसाला दिल्लीस जावे लागत नाही, साताऱ्याचा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून पाहावा. मात्र यांतील प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट मागतील, ती म्हणजे पावती. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे आणि चाचणीच्या निकालाचा फोटो काढावा. सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी. आमच्याजवळ यांतले काहीच नव्हते.

आमच्याच विक्रेत्यांना दोन शब्द

आतापर्यंत गिऱ्हाइकाशी बोललो. आता विक्रेत्याशी बोलणे भाग आहे. संगणक दुरुस्ती आणि सुट्या भागांच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. ते होतकरू आहेत, मेहनती आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याहून ठोक माल येतो आणि तो खरा की खोटा हे त्यांनाही ठाऊक नसते. पण न ठाऊक असणे ही सबब पुरेशी नाही. खोटी व्यापारमुद्रा लावलेला माल विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. आपण सर्व खबरदारी घेतली होती आणि माल कुणाकडून आणला ते सांगितले, हे दाखविता आले तर सुटका होऊ शकते. म्हणजे विक्रेत्यालाही त्याच्या ठोक व्यापाऱ्याचे पक्के बिलच वाचविणार.

कायद्याचे राहो बाजूला. धान्याच्या ढिगाचा तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैगंबरसाहेबांनी (स.) बाजारातील ढिगात हात घातला, तर वर कोरडे आणि आत ओले धान्य लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असा प्रश्न त्याला विचारला गेला. ओले धान्य विकू नको, असे त्याला म्हटले गेले नव्हते. ते दिसू दे, एवढेच होते. दिल्लीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये वेष्टनावर "वापरलेले" असे लिहायला सांगितले, ते याहून वेगळे काय आहे?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक विक्रेत्याने पट्टी गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ती भरून तपासावी आणि बिलावर "मापाची चाचणी केली" असे लिहून सही करावी. रात्री दुकान बंद करताना चाचणी लावून गेले, की सकाळी निकाल तयार असतो. जुना माल वेगळ्या कप्प्यात, "जुना" अशी चिठ्ठी लावून ठेवावा. या कामाचे पन्नास-शंभर रुपये जास्त घेतले, तरी गिऱ्हाईक आनंदाने देईल. आम्ही तर नक्की देऊ.

आणि दुकानदारांनी, कारागिरांनी मिळून खरेदी करावी. पाटण, मल्हारपेठ, ढेबेवाडी, तारळे येथील दहा जणांना पट्ट्या हव्या असतील, तर दहा ठिकाणी दहा जाहिरातींना भुलण्याऐवजी एकाने कराडच्या किंवा पुण्याच्या नावाजलेल्या विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर एकत्र माल आणावा. भाव कमी पडेल, चाचणी एका जागी होईल आणि खोटा निघाला तर दहा जणांचा आवाज एकट्यापेक्षा मोठा असेल.

आमच्या टेबलाच्या खणात ती दोन टीबीची पट्टी अजून आहे. कोणी गिऱ्हाईक "फार महाग सांगता, इंटरनेटवर निम्म्यात मिळते" असे म्हणाले, की आम्ही ती काढून त्याच्यासमोर ठेवतो आणि आतले नखाएवढे कार्ड दाखवितो. त्या मुलीच्या वडिलांनी आम्हाला माफ केले, हा त्यांचा मोठेपणा. आपल्या दुकानावर अशी माफी मागण्याची पाळी येऊ नये, एवढीच इच्छा. स्वस्त जरूर घ्या. पण पावती घ्या आणि पट्टी भरून पाहिल्याशिवाय कोणाचीही अमानत तिच्या हवाली करू नका.